कुकर न्या हो, पण जॅकेट अंगात घाला!

सिअ‍ॅटलमध्ये उन्हाळा आला हे कॅलेंडरवरून कळत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवरून कळतं. जून लागला की ग्रुपमधला कुणीतरी उत्साही प्राणी एक गूगल शीट टाकतो - 'सॅन वान कयाकिंग, काय काय न्यायचं'. तीन दिवस, दोन रात्री, आठ जण, चार डबल कयाक. शीटला टॅब असतात. किचन, कपडे, झोपायचं सामान, औषधं, टाइमपास. किचनच्या टॅबमध्ये चाळीस ओळी. मसाल्याचा डबा कोण आणणार ह्यावर दोन दिवस काथ्याकूट. पोहे जाड की पातळ ह्यावर वेगळी चर्चा. आणि सगळ्यात शेवटी, 'इतर' नावाच्या टॅबमध्ये, सनस्क्रीन आणि पत्त्यांच्या कॅटच्या मधोमध एक बिचारी ओळ - 'लाइफ जॅकेट: रेंटलवाला देतो'.

माझा राग ह्या एका ओळीवर आहे. आजचा अख्खा लेख त्या रागातून आलाय, त्यामुळे ज्यांना वीकेंडला गोड गोड वाचायचंय त्यांनी इथूनच परत फिरावं. :-)

तर मुद्दा असा. आपण (म्हणजे पुण्या-मुंबई-नाशकातून इथे येऊन टेकलेले तुम्ही-आम्ही) समुद्रावरच्या ट्रिपचं पॅकिंग लग्नाच्या वऱ्हाडासारखं करतो. कुणी उपाशी राहू नये, कुणाला गार लागू नये, कुणाचं डोकं दुखलं तर गोळी असावी. हेतू उत्तम आहे. घरून सिंहगड एक्स्प्रेसने निघालो असतो तर यादीही उत्तम होती. पण किचन, कपडे, औषधं ही वर्गवारी समुद्राला कळत नाही. त्याला तीनच कप्पे कळतात. होडी उलटून हातातून सुटली, तर तुमच्या अंगावर काय आहे? होडी धरून पाण्यात लोंबकळत असाल, तर हात पोचेल तिथे काय आहे? आणि होडीच्या पोटात बंद काय आहे? अंगावर, हाताशी, पोटात. शीट करायचंच असेल तर हे तीन टॅब करा, आणि ह्याच क्रमाने भरा. आपण नेमके उलटे भरतो. पोटापासून सुरुवात करतो आणि अंगापर्यंत पोचेस्तोवर सगळ्यांचा उत्साह संपलेला असतो.

असं का होतं ह्याचं माझ्याकडे एक उत्तर आहे. आपल्या डोक्यातला समुद्र कोमट असतो.

आठवून बघा. लहानपणचा समुद्र म्हणजे दिवेआगर, गणपतीपुळे, तारकर्ली, नाहीतर कॉलेजात असताना गोवा. कपड्यांसकट पाण्यात धूम ठोकायची आणि दोन तासांनी आई ओरडली की बाहेर यायचं. कोकणात अरबी समुद्राचं पाणी वर्षाचा बराच काळ २७-२८ अंशांच्या आसपास असतं. त्यामुळे समुद्रात पडलो तर काय होईल ह्या प्रश्नाचं आपलं उत्तर एकच - पोहता येत असेल तर काही नाही, येत नसेल तर बुडू. सॅन वान बेटांभोवतीचं पाणी भर जुलै-ऑगस्टात साधारण १० ते १२ अंशांवर असतं. फ्रीजमधून काढून दहा मिनिटं ओट्यावर ठेवलेल्या बाटलीसारखं. आणि हवा मात्र पक्की लबाड. ही बेटं ऑलिम्पिक पर्वताच्या पर्जन्यछायेत येतात, त्यामुळे उन्हाळ्यात वर लख्ख ऊन, निळं आभाळ, टी-शर्ट घालायचा मूड. किनाऱ्यावर उभं राहून माणूस हवेचे कपडे घालतो आणि जाऊन बसतो पाण्यावर.

अशा पाण्यात पडल्यावर काय होतं त्याला पोहण्याशी फारसं देणंघेणं नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गीझब्रेख्त ह्यांनी थंड पाण्यात माणसाचं शरीर कसं वागतं ह्यावर आयुष्यभर काम केलं, स्वतः अनेकदा बर्फगार पाण्यात उतरून. त्यांनी ते लोकांच्या लक्षात राहावं म्हणून एका सूत्रात बसवलं: १-१०-१. पहिलं एक मिनिट श्वासाचं. त्वचेला गारठा बसला की माणूस आपोआप मोठा आचका घेतो आणि धापा टाकायला लागतो. ते थांबवणं आपल्या हातात नसतं. तो पहिला आचका तोंड पाण्याखाली असताना आला तर चॅम्पियन पोहणाराही तिथेच गेला. पुढची दहा मिनिटं हातापायांची. तेवढ्या वेळात बोटं बधिर होतात, बक्कल लागत नाही, दोरी धरवत नाही, हात मारवत नाही. आणि मग साधारण एक तास, ज्याच्या शेवटी शरीर आतून गार होऊन शुद्ध हरपते. आकडे थोडे इकडे-तिकडे होतात, पाणी किती गार आणि माणूस कसा ह्यावर. क्रम मात्र तोच.

आता गंमत बघा. आपण हायपोथर्मियाला, म्हणजे त्या शेवटच्या 'एक तासाला' घाबरतो आणि त्यासाठी जाड स्वेटर, ब्लँकेट, थर्मासमध्ये चहा असं सगळं होडीच्या पोटात भरतो. पण जॅकेट अंगात नसेल तर तो तास तुमच्या वाट्याला येतच नाही. माणूस पहिल्या मिनिटात किंवा पहिल्या दहा मिनिटांत बुडतो. थंडीने मरायलासुद्धा आधी तरंगावं लागतं!

"अरे पण जॅकेट घेतलंय की! पायाशी ठेवलंय. गरज पडली तर घालू." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा रिंगटोन करावा. बोलणारे सगळे शहाणे लोक. ह्यांच्यापैकी कुणी गाडीचा सीट बेल्ट 'गरज पडली तर लावू' म्हणून मांडीवर ठेवत नाही. गार पाण्यात, धापा टाकत, बधिर बोटांनी, लाटेत डोकं वर-खाली होत असताना तीन बकलं आणि एक चेन लावून दाखवा. नाही जमत. शिवाय पायाशी ठेवलेलं जॅकेट होडी उलटल्यावर वाऱ्यासोबत निघून जातं, तुमची वाट बघत थांबत नाही. यूएस कोस्ट गार्डचा २०२३ सालचा अहवाल सांगतो की त्या वर्षी हौशी बोटिंगमध्ये ५६४ माणसं गेली. ज्यांच्या मृत्यूचं कारण कळलं त्यांतले ७५ टक्के बुडून, आणि त्या बुडालेल्यांपैकी ८७ टक्के लोकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. हे दर वर्षी थोड्याफार फरकाने असंच येतं. वॉशिंग्टन राज्याचा कायदा लहान होडीत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना जॅकेट घालायलाच लावतो. मोठ्यांना मात्र होडीत प्रत्येकी एक असलं की पुरे. म्हणजे आपण कायदेशीररीत्या अगदी बरोबर असून बुडू शकतो.

दुसरा माझा शत्रू: जीन्स. आणि तिची सख्खी बहीण, कॉटनची ती हुडी, जिच्यावर कुठल्या तरी कॉन्फरन्सचा लोगो असतो. कॉटन पाणी पितं, सुकत नाही, आणि ओलं कॉटन वाऱ्यात अंगातली ऊब ओढून घेतं. पण मी इथेच थांबणार नाही, कारण 'कॉटन नको, फ्लीस घ्या' एवढं ऐकून लोक खूष होतात. फ्लीस ओलं झालं तरी किनाऱ्यावर बरं. पाण्यात बुडालेल्या माणसाला फ्लीस वाचवत नाही. त्याला वेटसूट किंवा ड्रायसूट लागतो. नियम एका ओळीचा आहे: हवेचे कपडे घालू नका, पाण्याचे घाला.

ह्यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही खोटे नाहीत. पहिला: गरम होतं. हो, होतं. २४ अंशांच्या उन्हात निओप्रीन घालून वल्हवताना घाम निघतो. पण आजूबाजूला फ्रीजचं पाणी पसरलेलं आहे हो! टोपी बुडवा आणि डोक्यावर ठेवा, हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. गरम होणाऱ्या माणसाकडे उपाय आहे, गार पडणाऱ्याकडे नाही. दुसरा आक्षेप: महाग आहे. चांगला ड्रायसूट हजार डॉलरच्या पुढे जातो हे खरंय, आणि वर्षातून एका ट्रिपसाठी कुणी तो घ्यावा असं मी म्हणणार नाही. पण वेटसूट भाड्याने मिळतो. आणि ज्या ग्रुपमध्ये एका माणसाने ह्याच ट्रिपसाठी ड्रोन घेतलाय, दुसऱ्याने कॉफी दळायचं हातयंत्र घेतलंय, तिथे भाड्याच्या वेटसूटला 'बजेट नाही' म्हणू नये. आपल्याकडे पैसे आहेत, फक्त ते फोटोत दिसणाऱ्या गोष्टींवर जातात.

महागडी वस्तू म्हणजे सुरक्षा असंही कुणी समजू नये. डग टॉम्पकिन्स हे 'द नॉर्थ फेस' ह्या कंपनीचे सहसंस्थापक. तुमच्या-माझ्या निम्म्या जॅकेटांवर ज्याचा लोगो आहे तीच. डिसेंबर २०१५ मध्ये चिलीतल्या पॅटागोनियात, जनरल कारेरा ह्या तलावावर, ते सहा जणांच्या ग्रुपबरोबर कयाकिंगला गेले होते. साधेसुधे ग्रुप नव्हे, डोंगर-नद्यांमध्ये आयुष्य काढलेले लोक. जोराचा वारा सुटला, लाटा उठल्या, टॉम्पकिन्स ज्या डबल कयाकमध्ये होते ती उलटली. बराच वेळ गार पाण्यात राहिल्यावर हेलिकॉप्टरने हॉस्पिटलमध्ये नेलं, पण ८ डिसेंबरला ७२ व्या वर्षी हायपोथर्मियाने ते गेले. बाकीचे वाचले. मोठ्या माणसाच्या मरणावरून धडे देण्याची मला हौस नाही. एवढंच म्हणतो की ज्या माणसाने जगाला थंडीचे कपडे विकले त्यालाही गार पाण्याने सवलत दिली नाही, तर आपण कोण लागून गेलो?

आता दुसरा कप्पा, हाताशी. इथे इंग्लंडमधली एक जुनी घटना सांगतो. २२ मार्च १९९३. प्लिमथच्या एका शाळेतली आठ मुलं, एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक लाइम रीजिस गावातून कयाक घेऊन निघाले. किनाऱ्याकिनाऱ्याने शेजारच्या चारमथपर्यंत जायचं, जेमतेम दोन मैल. जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याने त्यांना आत ओढलं. होड्यांत पाणी भरलं, सगळे पाण्यात. बरोबर इशाऱ्याचे फ्लेअर नव्हते. किनाऱ्यावर कुणाला वेळेत कळलं नाही. चार मुलं गेली, सगळी सोळा-सतरा वर्षांची. त्यानंतर ब्रिटनने १९९५ मध्ये मुलांच्या साहस शिबिरांसाठी वेगळा कायदा केला. दोन मैलांची ट्रिप होती. पत्त्यांचा कॅटसुद्धा लागला नसता.

म्हणून हाताशी काय हवं ते लिहितोच. शिट्टी, जॅकेटला बांधलेली. व्हीएचएफ रेडिओ, तोही जॅकेटच्या खिशात, होडीत नाही. चॅनेल १६ वर कोस्ट गार्ड ऐकत असतं, आणि आसपासच्या बोटींनाही तुमचा आवाज जातो, जो फायदा फोनला नाही. त्याच रेडिओवर नोआचा हवामान अंदाज ऐकू येतो. "माझ्या फोनला सॅटेलाइट एसओएस आहे" असं सांगणाऱ्यांना नम्र विनंती: घरच्या बेसिनमध्ये बर्फ घालून हात पाच मिनिटं बुडवा आणि मग ओल्या बोटांनी टचस्क्रीनवर मेसेज पाठवून दाखवा. ते फीचर चांगलंच आहे, बेटावर तंबूत बसून वापरायला. पाण्यात बटण दाबायचं तर पीएलबी घ्या, एक झाकण, एक बटण. पाणी उपसायचा पंप. पॅडल फ्लोट, म्हणजे वल्ह्याच्या पात्याला लावायचा तो फुगा, ज्याच्या आधाराने परत होडीत चढता येतं. एक जादा वल्हं, डेकवर, सोडवता येईल असं. प्यायचं पाणी आणि दोन चिक्क्या. बस. हाताशीच्या टॅबमध्ये ह्याहून जास्त गर्दी करू नका, नाहीतर पाहिजे ती वस्तू सापडत नाही.

डेकवरून आठवलं. कयाकच्या डेकला ताणाच्या दोऱ्या असतात. त्या बघितल्या की आपल्यातल्या एसटीच्या टपावर गाठोडी बांधणाऱ्या पूर्वजाला कंठ फुटतो. चटई बांध, स्लीपिंग बॅग बांध, खुर्ची बांध! डेकवरचा प्रत्येक डाग होडीचा तोल वर नेतो, आडव्या वाऱ्याला शीड देतो, आणि उलटल्यावर परत चढायच्या वाटेत येतो. पोटात मावत नसेल ती वस्तू घरी ठेवायची. ह्यात वाटाघाटी नाहीत.

आणि आता पोट. इथे मात्र मी पक्ष बदलतो.

आपल्या शीटवर हसणारा एक दुसरा पंथ आहे. हे लोक टूथब्रशचा दांडा कापून वजन वाचवतात. ह्यांचं सगळं तत्त्वज्ञान पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढण्यातून आलंय, आणि डोंगरावर ते बरोबरही आहे. राजगडाला कुकर घेऊन जाणाऱ्याला मीही हसेन. पण कयाकमध्ये वजन पाठीवर नसतं, पाण्यावर असतं. सोळा-सतरा फुटी सी कयाक वल्हवणाऱ्याशिवाय तीस-चाळीस किलो सामान आरामात पोटात घेते. उलट, नीट भरलेली होडी रिकाम्या होडीपेक्षा लाटेत जास्त स्थिर वाटते. तेव्हा ज्याला दोन लिटरचा कुकर न्यायचाय त्याने खुशाल न्यावा. मागच्या हॅचच्या तोंडातून तो आत जातो की नाही एवढं आधी बघावं. कयाकमध्ये अडचण वजनाची कमी आणि तोंडाच्या मापाची जास्त. संध्याकाळी सुशिया बेटावर समोर माउंट बेकर गुलाबी झालेला असताना गरम खिचडीवर तूप पडतंय, ह्या गोष्टीला चैन म्हणणाऱ्याने आयुष्यात प्रोटीन बारच खावेत. कुकरच्या डब्यात मसाले भरा, शिटीत काही भरता येत नाही म्हणून तेवढी मोकळी ठेवा.

पण भरायची रीत आहे. मोठी एक ड्राय बॅग नको, पाच-दहा लिटरच्या पुष्कळ छोट्या घ्या. मोठी बॅग हॅचमधून जात नाही आणि आत कोपरे रिकामे राहतात. तोंड किमान तीनदा गुंडाळायचं, त्याआधी हवा दाबून काढायची. स्लीपिंग बॅग आणि एक कोरडा कपड्यांचा जोड दुहेरी पिशवीत, कारण तेवढं कोरडं राहिलं तर बाकी भिजलं तरी रात्र निघते. जड वस्तू खाली आणि होडीच्या मध्याजवळ, हलक्या टोकांना. तंबूचे दांडे पिशवीतून काढून मागच्या निमुळत्या टोकात सरकवा. सगळ्यात जड काय? पाणी. इथल्या बऱ्याच बेटांवर प्यायचं पाणी नसतं, काही ठिकाणी फक्त उन्हाळ्यात नळ चालू असतो. माणशी रोज चार लिटर धरा, तीन दिवसांचे बारा किलो. ते एका कॅनमध्ये नको. मऊ पिशव्यांमध्ये, सीटच्या मागे-पुढे वाटून. एक पिशवी फुटली तर ट्रिप फुटता कामा नये. (ऑफिसात सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणून दुसऱ्याच्या डिझाइनवर तुटून पडणारे आपण, पाणी मात्र एकाच कॅनमध्ये भरतो.)

अजून एक वस्तू कुठल्याच यादीत नसते: आयकियाची ती निळी मोठी पिशवी. बेटावर उतरलात की वीस छोट्या ड्राय बॅगा तंबूच्या जागेपर्यंत न्यायला वीस फेऱ्या होतात. निळी पिशवी घडी घालून हॅचमध्ये सरकवा, दोन फेऱ्यांत काम. आणि भरलेली कयाक ओंडक्यांवरून, शिंपल्यांच्या खडकांवरून ओढत नेऊ नका, आधी रिकामी करा, मग चौघांनी उचला. भरतीच्या रेषेच्या चांगली वर ठेवा आणि बांधा. रात्री होडी एकटी फिरायला गेली तर सकाळी तुमचा मसाल्याचा डबाही तिच्याबरोबर असतो. खाणं तंबूत ठेवू नका, घट्ट झाकणाच्या हॅचमध्ये ठेवा. जोन्स बेटावरचे रॅकून आपल्या फराळाची वाट बघतच असतात.

पोटाबद्दल मी एवढं मनापासून लिहिलं, कारण अंगावरचा आणि हाताशीचा कप्पा आधी पूर्ण झाला असेल तर पोट हा निव्वळ आनंदाचा भाग आहे. तिथे तुम्ही हवे तितके मराठी व्हा.

कयाक ज्यांनी शोधली त्यांच्याकडे ही विभागणी होतीच. आर्क्टिकमधल्या इन्युइट शिकाऱ्यांची होडी मापाने शिवलेली असे, त्या माणसाच्या कमरेच्या, मांडीच्या मापाने. ग्रीनलंडचा शिकारी सीलच्या कातड्याचा तुइलिक घालायचा. तो चेहऱ्याभोवती आणि मनगटांभोवती आवळायचा आणि खालून थेट कॉकपिटच्या कडेला बांधायचा. म्हणजे होडी, सदरा आणि माणूस मिळून एक. होडी उलटली तरी आतून तसाच परत सरळ व्हायचा. त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या लोकांनी सगळी अक्कल अंगावरच्या कप्प्यात घातली. आपण ती होडी प्लास्टिकची केली, भाड्याने दिली आणि सदरा विसरलो.

"गाइड आहे ना बरोबर!" हा शेवटचा बुरुज. गाइड असावाच, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी गाइडशिवाय जाऊच नये. पण चार होड्या उलटल्यावर गाइडला हात दोनच असतात. तुमचं जॅकेट तुमच्या अंगात घालायचं काम आउटसोर्स होत नाही. आपल्या धंद्यात एक म्हण आहे, की जो बॅकअप कधी रिस्टोअर करून बघितला नाही तो बॅकअप नव्हेच. तसंच, ज्या कपड्यांत आणि ज्या जॅकेटसकट तुम्ही कधी मुद्दाम पाण्यात उलटला नाहीत, ते सामान तुमच्याकडे आहे असं धरू नका. ट्रिपच्या आधी एका रविवारी लेक समामिशला जा. तळं उन्हाळ्यात बरंच सुसह्य असतं, किनारा जवळ. होडी उलटवा. पॅडल फ्लोट लावून परत चढा. पंप मारा. रेडिओचं बटण डोळे मिटून शोधा. दोन तासांत तुमची यादी आपोआप बदलेल, मला लेख लिहावा लागणार नाही.

पुण्या-मुंबईत बसून वाचणाऱ्यांनी 'आमचं पाणी कोमटच आहे' म्हणून निश्चिंत होऊ नये. कोकणात १-१०-१ लागू नाही, पण तीन कप्पे लागू आहेत. तिकडे गारठ्याच्या जागी ऊन आहे, म्हणून प्यायचं पाणी हाताशी आणि लांब बाह्यांचा सदरा, टोपी अंगावर. आणि वारा आहेच. हिवाळ्यात पहाटे-सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. पाणी आरशासारखं दिसतं, होडी सुखाने आत जाते, आणि वळल्यावर कळतं की किनारा लांब गेलाय. लाइम रीजिसला मुलांना आत नेलं ते ह्याच दिशेच्या वाऱ्याने. कोळी माणूस नारळी पौर्णिमेपर्यंत होडी बाहेर काढत नाही, आणि काढल्यावरही आधी वारा बघतो, मग जाळं उचलतो. आपण आधी जीपीएस घड्याळ बघतो.

आता यादीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू, जी कुठल्याच दुकानात मिळत नाही आणि हॅचमध्ये जागाही खात नाही. एक रिकामा दिवस.

सॅन वानच्या अरुंद वाटांमध्ये भरती-ओहोटीचा प्रवाह तीन-चार नॉट्सपर्यंत आणि काही ठिकाणी त्याच्या पुढे जातो. भरलेली कयाक वल्हवणारा आपल्यासारखा माणूस तीन नॉट्सच्या वेगाने जातो. म्हणजे प्रवाहाची वेळ चुकली तर जीव तोडून वल्हवत तुम्ही जागच्या जागी. दुपारनंतर हुआन द फुकाच्या सामुद्रधुनीतून पश्चिमेचा वारा चढतो, तो वेगळाच. अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? बेटावर थांबतो. चहा टाकतो. पत्ते काढतो (बघा, पत्त्यांचा कॅटसुद्धा मी मंजूर केला). पण आपण थांबू शकत नाही, कारण रविवारी संध्याकाळचं ॲनाकोर्टेसचं फेरी रिझर्व्हेशन आहे, सोमवारी नऊला स्टँडअप आहे, आणि आठातल्या तिघांनी मॅनेजरला "मंडे मॉर्निंग आय विल बी देअर" म्हणून ठेवलंय. मग किनाऱ्यावर उभे राहून आठ इंजिनिअर पांढऱ्या लाटांकडे बघतात आणि कुणीतरी म्हणतं, "दिसतंय तेवढं नाहीये रे, निघू या."

हे वाक्य फेरीचं तिकीट बोलत असतं. आणि ते बोलायला लावणारं सामान आपण घरूनच भरून आणलेलं असतं, शुक्रवारी.

म्हणून ह्या वर्षी शीट आलं की किचनच्या टॅबला हात लावायच्या आधी दोन गोष्टी करा. 'इतर'मधली ती जॅकेटची ओळ उचलून पहिल्या टॅबच्या पहिल्या ओळीत टाका, आणि तिच्यापुढे 'रेंटलवाला देतो' खोडून 'पाण्यात पाय ठेवायच्या आधी अंगात, परत जमिनीवर येईपर्यंत' असं लिहा. आणि सोमवारची सुट्टी टाका. लागली नाही तर घरी झोपा, वेटसूट धुवा, उरलेले थेपले खा.

पोहे जाडच न्या. पातळ पोह्यांचा ड्राय बॅगमध्ये चुरा होतो.